नाताळची रोषणाई आणि आईचा उजवा डोळा

आमच्या आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आधी आठ दिवस झालं. ते यशस्वी झालं यावर डॉक्टरांचा, नर्सबाईंचा, माझा, माझ्या बायकोचा आणि तुमसरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीचा विश्वास होता. विश्वास नव्हता तो एकट्या आईचा. आता डोळा तिचाच असल्यामुळे तिच्या मतालाही थोडी किंमत द्यावी लागत होती.

"पयलेसारखंच दिसते," ती म्हणायची. "भिंत भिंतच दिसते. कॅलेंडर कॅलेंडरच दिसते. सून बी तशीच दिसते. मंग कायले कापला म्हणतो मी डोळा?"

तिच्या डाव्या डोळ्यासाठी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "डावा पूर्ण पिकलाय. आता टाळलंत तर नंतर माझ्या हातात काही राहणार नाही." आणि इकडे आईनं जाहीर केलं होतं, "उजवा झाला का नाही झाला, हे मले पटल्याबिगर डाव्याले हात लावू देत नाही." तिला समजावून सांगायची सोय नव्हती. दवाखान्याच्या कार्डावर चाळीस दिवस काय करू नये याची यादी होती: वाकू नये, धुरात बसू नये, डोक्यावरून पाणी घेऊ नये, रडू नये. चाळीस दिवस कधीच उलटले होते, तरी आईनं शेवटचं कलम आणि काळा चष्मा दोन्ही चालूच ठेवले होते. मी जरा आवाज चढवला की ती चष्म्यामागून शांतपणे म्हणायची, "बोल बाबू, बोल. मले तं रडताही येत नाही, डॉक्टरनं मना केलं आहे." यावर पुढे बोलणारा मुलगा अजून जन्माला यायचा आहे.

गल्लीनं हा प्रश्न स्वतःच्या हातात घेतला. समोरच्या तुळसाबाई सुई-दोरा घेऊन आल्या. आईनं दोरा एका झटक्यात ओवला, पण ही परीक्षा तिनं स्वतःच रद्द केली, कारण गेली दहा वर्षं ती सुई चाचपूनच ओवते. कोणी तांदूळ निवडायला दिले. तेही बोटांचं काम निघालं. शेवटी शेजारचे टिकारामजी आले. टिकारामजी निवृत्त मुख्याध्यापक. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन आठ-नऊ वर्षं झाली, तरी त्यांनी त्याला अजून मान्यता दिलेली नाही. निर्णय देताना ते मफलर सोडून पुन्हा बांधतात.

"प्रफुल्लभाऊ," मफलर बांधत ते म्हणाले, "डोळ्याची खरी परीक्षा रंगात असते. मोतीबिंदूत सगळं पिवळट दिसते. माउलीले रंगीत लाइटी दाखवा. लाल लाल दिसला, हिरवा हिरवा दिसला, म्हणजे डोळा पास."

आईला हे एकदम पटलं. मला पटलं नसतं तरी काही फरक पडला नसता. अडचण एवढीच की दिवाळी येऊन गेली तेव्हा डोळ्यावर पट्टी होती, आणि चौदा एप्रिलच्या रोषणाईला अजून चार महिने होते. जानेवारीच्या आत दिवे लावणारा सण एकच उरला होता, नाताळ.

"आंबागडाच्या अलीकडे एक टोली आहे, जंगलातली लहानशी वस्ती," टिकारामजी म्हणाले. "तिथं प्रार्थनाघर आहे चाळीस वर्षांपासून. यंदा नुसत्या प्रार्थनाघराले नाही, सगळ्या टोलीनं, जातधर्म न पाहता, झाडाझाडाले लाइटी लावल्या. मोहाच्या शेंड्यावर हा एवढा चांदणा, पाच टोकाचा तारा. लोकं लांबून पाहाले येऊन राहिले."

ठरलं. चोवीस तारखेच्या संध्याकाळी मी, माझी बायको प्रतिक्षा, मुलगी तृप्ती, आई आणि मार्गदर्शक म्हणून टिकारामजी, असे पाच जण रोषणाई पाहायला जाणार. माझ्या स्कूटरवर पाच जण बसत नाहीत. बसतात, पण त्यात एक ऑपरेशनचा डोळा असू नये.

म्हणून मी खुशालची जीप ठरवली. इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी वीज खात्यात बिल दुरुस्तीच्या खिडकीमागे बसतो. गेली अकरा वर्षं लोक त्या खिडकीत तोंड घालून मला जे बोलतात, ते मी घरी सांगत नाही. खुशालची जीप आमच्याच ऑफिसात भाड्यानं लागलेली होती, आणि खुशाल माणूस सज्जन. ती जीप ऑफिसात नेमकी कोणत्या कामावर धावते याचा मी जराही विचार केला नाही. मला फक्त तिच्या सीटा दिसल्या.

ठेक्याची गाडी मुख्यालयाबाहेर न्यायची तर अर्ज लागतो. मी अर्जात कारण लिहिलं, "मातोश्रींची नेत्रतपासणी." आमचे हेडक्लार्क बडेबाबू, त्यांनी विचारलं, नेत्रतपासणी जंगलात का? मी रोषणाईचा खुलासा केला. ते म्हणाले, मग वैद्यकीय कारण म्हणता येणार नाही, करमणूक म्हणावं लागेल, आणि करमणुकीला गाडी देता येत नाही. अर्ज तीन टेबलांवर तीन दिवस फिरला. शेवटी त्याच बडेबाबूंना दया आली आणि त्यांनी लॉगबुकात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "संध्याकाळी टोलीवर दिव्यांची पाहणी." खाली साहेबांची सही झाली. मला तेव्हा ते फार सोयीचं वाटलं.

साडेपाचला निघालो. टिकारामजी पुढे, हातात बॅटरी. आई मधल्या सीटवर काळ्या चष्म्यात, लुगड्यावर माझा जुना स्वेटर. तिनं ठरवलं होतं की वाटेत काही पाहायचं नाही. डोळा ताजा ठेवायचा आणि थेट रोषणाईवरच उघडायचा.

पहिलं गाव आलं तेव्हा अंधार पडला होता. गावात दिवे होते, हे मी शपथेवर सांगतो. आम्ही गावात शिरलो आणि रस्त्याकडेच्या निम्म्या घरांतले दिवे पटापट गेले.

"लाइट गेली," तृप्ती म्हणाली.

"भारनियमन," टिकारामजी म्हणाले.

"शक्यच नाही," मी म्हणालो. घरच्यांसमोर आपल्या खात्याची माहिती दाखवायची संधी मला वर्षातून एखादीच मिळते. "या भागाचं भारनियमन सकाळचं आहे. संध्याकाळी लाइट जाणारच नाही. मी लिहून देतो."

दुसरं गाव आलं. दिवे गेले. तिसऱ्या गावात तर आम्ही पोचायच्या आधीच गेले. एक माणूस शिडीवरून इतक्या घाईत उतरत होता की शिडी त्याच्यानंतर खाली आली.

"अजी," प्रतिक्षा म्हणाली, "तुमच्या ऑफिसात तुम्हाले खरं कोणी सांगत नाही वाटते."

"तांत्रिक बिघाड असेल," मी म्हणालो.

"तिन्ही गावात? आपल्या मांगं मांगं?"

"मांगं नाही, मम्मी," तृप्तीनं दुरुस्ती केली. "पुढं पुढं."

माणसाचा पाणउतारा घरी व्हावा, गाडीत होऊ नये. गाडीत उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. तेवढ्यात मला खुशालचे खांदे हलताना दिसले. तो हसत होता.

"काहून हसतं रे?"

"साहेब, लाइट नाही गेली. लोकं आकडे काढून राहिले."

"कायले?"

"आता काय सांगू. ही भरारी पथकाची गाडी होय ना. वीजचोरी पकडाले आपण हिच्यातच फिरतो. नंबर सगळ्या तालुक्याले पाठ आहे. पयल्या गावानं दुसऱ्याले फोन लावला असंल, दुसऱ्यानं तिसऱ्याले."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी ऑफिसचेच. मले वाटलं, तुमाले मालूम असंल."

खरं सांगतो, मला राग यायला हवा होता तेवढा आला नाही. अकरा वर्षं खिडकीमागे बसून शिव्या खाल्लेला माणूस मी. आज माझ्या येण्यानं तीन गावं हादरली होती. मी नकळत ताठ बसलो, आणि आई अंधारात म्हणाली, "एवढा धाक आहे का रे तुहा? घरी तं दिसत नाही."

चौथ्या गावानंतर जंगल लागलं. टिकारामजींनी दोनदा रस्ता चुकवला आणि दोन्ही वेळा त्याचं खापर जिल्हा विभाजनावर फोडलं. तिसऱ्या वळणावर झाडांच्या वर उजेड दिसला. मोठा उजेड, रंगीत, आणि त्याच्यावर मोहाच्या शेंड्याला पाच टोकांचा पांढरा चांदणा. आम्ही सगळेच "अहाहा" म्हणालो, आईखेरीज. तिनं चष्मा काढून डोळ्यांवर पदर धरला.

"मले सांगजा, कवा पाहू तं."

"थांब माय, अजून झाडं आडवी आहेत."

"आता?"

"थांब. हे शेवटचं वळण."

जीप टोलीच्या चौकात उभी राहिली. समोर प्रार्थनाघर, कौलांवर झालर, आंब्यावर लाल-हिरव्या माळा, चिंचेवर निळ्या, आणि पन्नास-साठ माणसं. मी मोठ्या थाटात म्हणालो, "माय, उघड डोळे!"

आईनं पदर काढला. त्याच क्षणी टोलीतला शेवटचा दिवासुद्धा विझला.

एवढा काळोख मी जन्मात पाहिला नव्हता. त्या काळोखात आईचा आवाज आला. "गेला. बाबू, डोळा गेला माहा. काहीच दिसत नाही."

"माय, लाइट गेली आहे!"

"मले समजावू नोको. तूच तं म्हणत होता, आज लाइट जातच नाही. लिहून देतो म्हणत होता."

एवढ्यात ती चाचपडत माझं तोंड शोधू लागली. इथपर्यंत मला सगळी गंमतच वाटत होती. तिचे हात गालाला लागले आणि ती गंमत संपली. डावा डोळा तर आता विसराच, उजव्यावरचाही तिचा विश्वास मी तुमसरहून इथपर्यंत गाडी करून आणून घालवला होता. टिकारामजींनी बॅटरी तिच्या तोंडावर मारली तेव्हा तिला जरा धीर आला, पण ती म्हणाली, "बॅटरी तं ऑपरेशनच्या पयले बी दिसत होती."

मी खाली उतरलो. कंदील घेऊन एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. प्रार्थनाघराची देखभाल करणारे सोमाजी. दुसऱ्या हातात प्लास्टिकची थैली होती.

"नमस्कार साहेब. लाइट गेली जी आत्ताच."

"गेली नाही, तुम्ही घालवली."

"तसंही म्हणता येते," सोमाजी नम्रपणे म्हणाले आणि थैलीतून बिलांचा गठ्ठा काढू लागले. "प्रार्थनाघराचं मीटर आहे साहेब. हे सगळे बिलं पाहा."

"मग तुम्ही का बंद केलीत?"

"सगळ्यानं बंद केली. आपली एकट्याची सुरू ठेवली तं शेजाऱ्याले वाईट दिसते."

मी त्यांना सांगितलं की मी पथकाचा नाही, खिडकीतला आहे. धाड घालायला नाही, आईला दिवे दाखवायला आलोय. यावर गर्दीतून एक माणूस पुढे आला, जागेश्वर नावाचा. रोषणाईचा कारभार त्याच्याकडे होता. त्यानं सरळ खुशालकडून लॉगबुक मागून घेतलं, कंदिलापुढे धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "टोलीवर दिव्यांची पाहणी. अन खाली साहेबाची सही. मंग हे काय होय?"

बडेबाबूंचं अक्षर सुंदर आहे. कंदिलाच्या उजेडातही स्वच्छ वाचता येतं.

"ही माझी आई," मी म्हणालो. "धुरपताबाई. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. धाडीला कोणी आई घेऊन येते का?"

"मागच्या साली गाय विकत घेणारे बनून आले होते," जागेश्वर म्हणाला. "आईच आणाची राहिली होती."

यानंतर जे झालं ते माझ्या प्रतिष्ठेच्या दृष्टीनं न सांगितलेलं बरं, पण सांगतो. मी खिडकीतला आहे हे पटावं म्हणून मी खिडकीची वेळ, टेबल नंबर, सगळं सांगितलं. ते मात्र लगेच पटलं. कारण गर्दीतली एक बाई ओरडली, "हाव, हाच तो! तीन महिने झाले, माहं मीटर दुप्पट पळते म्हणून अर्ज देला, हा म्हणते पुढच्या महिन्यात या!" पाच मिनिटांत माझ्यासमोर अंधारात रांग लागली. सणाच्या संध्याकाळी, जंगलात, जीपच्या बॉनेटवर मी सात अर्ज घेतले. प्रतिक्षा बॅटरी धरून उभी होती. आपला नवरा कामावर काय ऐकून घेतो हे तिला त्या दिवशी कळलं. परत येताना तिनं मला स्वतःची शाल दिली.

तरी दिवे लागेनात. जागेश्वर म्हणाला, "तुमी चांगले आहात, पन आमाले लेखी पायजे."

लेखी म्हटल्यावर टिकारामजींच्या अंगात संचारलं. त्यांनी मफलर सोडला, तृप्तीच्या वहीचा कागद घेतला आणि मजकूर सांगितला. तो मी लिहिला: "लिहून देतो की, आम्ही सहकुटुंब केवळ रोषणाई पाहण्याकरिता आलो असून, रोषणाईखेरीज अन्य कोणतीही वस्तू, तार, खांब अथवा त्यांचा परस्परसंबंध आमच्या नजरेस पडणार नाही." खाली माझी सही, साक्षीदार म्हणून टिकारामजींची आणि सोमाजींची. जागेश्वरनं कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि अंधारात हाक दिली, "टाका रे!"

इकडून तिकडून पावलं पळाली. काहीतरी खडखडलं. आणि टोली उजळली.

आई जीपच्या बाजूला उभी होती. तिनं आधी माझा हात घट्ट धरला आणि मग डोळा उघडला. आंब्यापासून मोहाच्या शेंड्यापर्यंत तिनं सावकाश नजर फिरवली. पन्नास-साठ माणसं तिच्या तोंडाकडे पाहत होती, रोषणाईकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"लाल," ती म्हणाली.

"बरोबर!" सगळे ओरडले.

"हिरवा. त्याच्या बाजूनं पिवळा. चिंचेवर निळा. अन वर पांढरा चांदणा, पाच टोकाचा."

टाळ्या पडल्या. सोमाजींनी केकचा तुकडा आणला. टिकारामजी "पास, पास" म्हणत तुळसाबाईंना फोन लावू लागले. मला इतका आनंद झाला की मी जागेश्वरशी हात मिळवला. पार शेंड्यावरच्या चांदण्यापर्यंत डोळा चालत होता. जानेवारीची तारीख पक्की झाली, असं मी मनात म्हणतोय तोच आई म्हणाली,

"अन तो तार काहून लटकून राहिला खांबावर?"

टाळ्या थांबल्या.

"कोणता तार, माय?" मी म्हणालो.

"तो काय. खांबावर आकडा टाकला आहे, तिथून तार आंब्यावर गेला."

जागेश्वरनं खिशावर हात ठेवला. मी लिहून दिलं होतं. सही माझी होती. "तिथं काही नाही माय," मी म्हणालो.

"नाही?"

"काहीच नाही आजी," जागेश्वर म्हणाला.

"काही नाही जी," सगळी टोली म्हणाली. टिकारामजींनीही, शब्दाचे पक्के असल्यामुळे, मान हलवली. "नाही माउली. मले बी नाही दिसत."

आईनं पुन्हा एकदा खांबाकडे पाहिलं. मग तिनं हातातला केक माझ्याकडे दिला आणि कनवटीचा काळा चष्मा काढून हळूच डोळ्यांवर चढवला.

"मंग बिघडला डोळा," ती म्हणाली. "जे नाही ते दिसून राहिलं. मी म्हणत होतो ना बाबू, पयलाच बरा होता. चला घरी. दुसऱ्याले हात लावू देत नाही मी आता."

चष्म्याच्या खालून तिच्या गालावर पाणी आलं. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा रडत होती, आणि या वेळी मला धमकावण्यासाठी नाही.

मी जागेश्वरकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. मी सोमाजींकडे पाहिलं. ते चांदण्याकडे पाहत होते. माझी नोकरी, माझी सही, टोलीचा सण, सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं. पण मला त्यातलं काही सुचेना, फक्त आईचा चष्मा दिसत होता.

"माय," मी ओरडलोच, "तार आहे! आकडा आहे! तुले बरोबर दिसून राहिलं! एक नाही, दोन आकडे आहेत!"

"लेखीचा भंग!" टिकारामजी म्हणाले.

आईनं चष्मा वर केला. गाल पुसला. सावकाश त्या खांबाकडे पाहिलं, मग दुसऱ्या.

"दोन नाही," ती म्हणाली. "तीन आहेत. तिसरा चिंचेच्या मांगून आहे."

पावलं पळाली. आंबा विझला, चिंच विझली, झालर विझली. सर्वांत शेवटी मोहावरचा चांदणा गेला, कारण सोमाजींना म्हातारपणामुळे बटणापर्यंत पोचायला वेळ लागला. पुन्हा तोच काळोख. त्या काळोखात आमची आई खुदूखुदू हसत होती.

"बाबू, चांगला झाला रे डोळा," ती म्हणाली. "घे जानेवारीची तारीख. एका डोळ्यानं तीन दिसले. दुसरा झाला म्हणजे अजून दोन-चार निघतीन."